काळ्या पाण्यावरचं जेवण

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया बेट आणि त्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर स्ट्रॉन नावाचं एक लहानसं बंदर आहे. तिथल्या धक्क्यावरून सकाळी मोठमोठ्या काचांची बोट सुटते. मॅक्वारी हार्बर हा अवाढव्य खाजणासारखा जलाशय पार करून ती गॉर्डन नदीत शिरते, जंगलात थोडा वेळ थांबते, परतताना एका बेटावर उतरवते आणि दुपारी पुन्हा गावात आणून सोडते. साधारण सहा तासांचा हा फेरा. जेवण बोटीवरच असतं: धुरावलेला सामन मासा, थंड मांसाचे काप, इथली चीज, सॅलड, ताजा पाव. ताट घेऊन खिडकीशी बसलं की बाहेर डोंगर दिसतात, आणि तेच डोंगर खाली पाण्यातही उलटे उभे दिसतात, झाडाच्या प्रत्येक फांदीसकट. वरचं कुठलं आणि खालचं कुठलं हे नुसत्या फोटोवरून सांगता येऊ नये इतकी ती प्रतिमा स्वच्छ असते.

या आरशाचं कारण पाण्याच्या रंगात आहे. गॉर्डनचं पाणी कोऱ्या चहासारखं आहे. पेल्यात घेतलं तर सोनेरी तपकिरी, नदीत पाहिलं तर जवळजवळ काळं. हा गाळ नव्हे आणि प्रदूषणही नव्हे. नदीच्या वरच्या खोऱ्यात मैलोन् मैल बटनग्रास नावाच्या ताठ गवताची माळरानं आहेत. खाली गारगोटीच्या खडकाची निकस जमीन, वर सततची ओल आणि थंडी; त्यामुळे मेलेलं गवत आणि पानं नीट कुजतच नाहीत, त्यांचे थरावर थर साचत जातात. पावसाचं पाणी या थरांतून झिरपताना त्यांतलं टॅनिन उचलतं. चहाच्या पत्तीतून रंग उतरतो तसंच हे, फक्त किटलीऐवजी अख्खं खोरं. अशा पाण्यात उजेड फार खोल जात नाही आणि तळावरून परतही येत नाही. एरवी नदीकडे पाहताना तळाचे दगड, वाळू आणि आकाशाचं प्रतिबिंब यांची सरमिसळ आपल्या डोळ्यांत पडते. इथे तळाकडून काहीच येत नाही, उरतं ते फक्त प्रतिबिंब. काचेमागे काळा रंग लावावा, तसं काम टॅनिन करतं.

पाऊस इथे बाराही महिने पडतो. दक्षिण गोलार्धात चाळिसाव्या अक्षांशाच्या खाली पश्चिमेचे वारे कायम घोंगावत असतात. स्ट्रॉन 42 अंशांवर आहे. तिथून थेट पश्चिमेला निघालं तर आफ्रिकेचं टोकसुद्धा वाटेत लागत नाही. पहिली जमीन भेटते ती दक्षिण अमेरिकेची. एवढ्या मोकळ्या समुद्रावरून आलेला वारा आपलं सगळं पाणी या डोंगरांवर टाकतो. म्हणून बोटीवर ऊन मिळालं नाही तरी हळहळू नये. ढग डोंगरांच्या कमरेपर्यंत उतरलेले असतात तेव्हाच ही नदी आपल्या खऱ्या रूपात असते, असं मला मनापासून वाटतं.

नदीकडे वळण्याआधी हवा बरी असेल तर बोट आधी समुद्राच्या बाजूला जाते. सुमारे 300 चौरस किलोमीटरच्या मॅक्वारी हार्बरला समुद्राकडे उघडणारं तोंड जेमतेम 120 मीटर रुंद आहे, आणि तेही उथळ. नाव हेल्स गेट्स, म्हणजे नरकाचे दरवाजे. हे नाव शिक्षेसाठी इथे आणल्या जाणाऱ्या कैद्यांनी ठेवलं असं सांगतात. आपण ‘काळ्या पाण्याची शिक्षा’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर अंदमान येतं. अंदमानची ब्रिटिश वसाहत 1858 ची. त्याच्या छत्तीस वर्षं आधी, 1822 मध्ये, ब्रिटिशांनी या हार्बरमधल्या सारा बेटावर आपल्याच देशातून हद्दपार केलेल्या आणि पुन्हा गुन्हा केलेल्या कैद्यांसाठी असंच ठिकाण उघडलं होतं. इथलं पाणी तर खरोखरीच काळं होतं.

त्या अरुंद, उथळ तोंडाचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचतो. समुद्राचं खारं पाणी आत येतं ते जड असल्यामुळे तळाशी बसतं. नद्यांचं गोडं, तपकिरी पाणी हलकं असल्यामुळे वर तरंगतं. दोन्ही सहज मिसळत नाहीत. तळाशी ताज्या पाण्याची ये-जा मंद, उजेड नाही, म्हणून प्राणवायूही कमी. अशा अंधाऱ्या तळाशी माऊजियन स्केट नावाचा, आपल्या पाकटासारखा चपटा मासा राहतो. शास्त्राला तो 1988 साली प्रथम ठाऊक झाला, आणि आज त्याचं जगातलं खात्रीचं घर म्हणजे हे एकच हार्बर. बोट पुढे निघाली की पाण्यावर मोठमोठी गोल जाळी दिसतात. ती सामन माशांची शेती. हजारो माशांचं उरलेलं खाद्य आणि मलमूत्र तळाशी जातं, तिथे कुजताना आणखी प्राणवायू खातं. 2014 ते 2021 दरम्यान स्केटची संख्या झपाट्याने घसरली. या शेतीवर गावातल्या अनेक घरांची चूल पेटते, हेही तितकंच खरं, आणि म्हणून टास्मानियात हा वाद अजून धगधगतो आहे. बोटीवर सामन वाढला जातो तेव्हा खाणाऱ्याला हे ठाऊक असावं. त्याची चव त्यामुळे बिघडत नाही. फक्त ताटातल्या माशाला एक पत्ता मिळतो.

नदीच्या मुखाशी आल्यावर बोट आपला वेग एकदम उतरवते. नव्या बोटींपैकी एक तर इथे डिझेलचं इंजिन बंद करून विजेच्या मोटरवर चालू लागते, आणि मग पक्ष्यांचे आवाज काचेतून आत यायला लागतात. हा वेग प्रवाशांच्या सुखासाठी उतरवलेला नाही. पूर्वी बोटी वेगाने वरपर्यंत जात. त्यांच्या मागे उठणाऱ्या लाटांनी हजारो वर्षांत घडलेले मातीचे काठ ढासळू लागले, काठावरची झाडं पाण्यात कोसळू लागली. म्हणून वेगावर बंधन आलं आणि मोठ्या बोटींनी हेरिटेज लँडिंग या थांब्याच्या वर जायचं नाही असं ठरलं. या काठांमागे काही लहान तळी आहेत, लेक फिड्लर हे त्यांतलं एक. त्याच्या तळाशी खारं पाणी आणि वर गोडं पाणी असे दोन थर वर्षानुवर्षं एकमेकांना न भेटता राहिले, आणि त्यांच्या सीमेवर सूक्ष्मजीवांचे रंगीत पट्टे जमले. नदीच्या वरच्या अंगाला धरण बांधल्यावर उन्हाळ्यातही पाणी सोडलं जाऊ लागलं, समुद्राचं खारं पाणी नदीत पूर्वीइतकं वर चढेना, आणि या तळ्यांचे थर विस्कळीत होत गेले. भिंत डोंगरापलीकडे असली तरी तिचा परिणाम इथवर आला.

हेरिटेज लँडिंगला लाकडी पायवाटेवरून जंगलात शिरता येतं. वेळ थोडा मिळतो, पण तो पुरवून वापरावा. शेवाळ, नेचे, मर्टलची झाडं, मधासाठी नावाजलेलं लेदरवूड. आणि या सगळ्यांत ह्युऑन पाइन. पहिल्या दृष्टीला हे झाड काही भव्य वाटत नाही. फांद्या खाली लोंबलेल्या, पानं बारीक खवल्यांसारखी. त्याची महती काळात मोजायची असते. त्याचं खोड वर्षाला साधारण एक मिलिमीटर जाड होतं. पाचशे वर्षांचं झाडसुद्धा माणसाच्या मिठीत मावावं. दोन हजार वर्षांची झाडं सापडली आहेत, काही त्याहून जुनी. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांचे यज्ञ आणि दानं दगडावर कोरली जात होती, त्या सुमारास रुजलेलं रोप आजही पालवत असावं, असा हा हिशेब. स्ट्रॉनच्या उत्तरेला माउंट रीडच्या उतारावर ह्युऑन पाइनचा असा एक समूह आहे की त्यातली सगळी झाडं नर आहेत आणि सगळी जनुकीयदृष्ट्या एकच आहेत. टेकलेल्या फांद्या मुळं धरतात, त्यांचं नवं झाड होतं, जुनं मरतं. असं दहा हजार वर्षांहून जास्त काळ चाललं आहे. तिथल्या खोडांच्या वाढीच्या वलयांवरून शास्त्रज्ञांनी साडेतीन हजारांहून अधिक वर्षांच्या उन्हाळ्यांची नोंद वाचली आहे.

या लाकडात मिथाइल युजेनॉल नावाचं तेल असतं. त्यामुळे ते पिवळसर, सुगंधी आणि जवळजवळ न कुजणारं असतं; कीड त्याच्या वाटेला जात नाही. शिवाय ओलं असतानाही ते तरंगतं. जहाज बांधणाऱ्याला आणखी काय हवं? इंग्रजांनी कैदी याच खोऱ्यात पाठवले त्यामागे हे लाकूड हे एक मोठं कारण होतं. कैद्यांनंतर ‘पायनर’ म्हणवले जाणारे लाकूडतोडे आले. ते महिनोन् महिने वरच्या नद्यांच्या काठी राहत, ओंडक्यांवर आपापली खूण ठोकत आणि पुराची वाट पाहत. पूर आला की ओंडके आपोआप खाली येत. आज बाजारात दिसणारं ह्युऑन लाकूड मुख्यतः जुनी पडलेली, बुडालेली खोडं गोळा करून मिळवलेलं असतं.

बोट परत वळते आणि बहुधा याच सुमारास जेवण मांडलं जातं. खिडकीबाहेर दिसणारं हे पाणी आज आणखी एका धरणात अडलेलं नाही, यामागे गेल्या शतकातला एक मोठा लढा आहे. टास्मानियाच्या वीज खात्याने 1972 मध्ये लेक पेडर हे गुलाबी वाळूचं सरोवर बुडवलं, 1974 मध्ये वरच्या गॉर्डनवर 140 मीटर उंच धरण उभं केलं, आणि मग फ्रँकलिन नदी गॉर्डनला मिळते त्या संगमाखाली आणखी एक धरण आखलं. 1976 मध्ये वन्यभूमीसाठी झटणारी एक संघटना उभी राहिली. बॉब ब्राउन हा डॉक्टर तिचा चेहरा झाला. 1981 च्या डिसेंबरात सरकारने जनमत घेतलं, पण मतपत्रिकेवर पर्याय दोनच: धरण इथे की तिथे. धरण नकोच म्हणायला जागाच नव्हती. लोकांनी जागा करून घेतली. जवळजवळ 45 टक्के मतपत्रिका बाद ठरल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच मतपत्रिकांवर हाताने ‘धरण नको’ लिहिलेलं होतं.

त्याच वर्षी फ्रँकलिनच्या काठावरच्या, आज कुटिकिना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुहेत उत्खनन झालं. हिमयुगात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, तिथे माणसं राहत होती. दगडी हत्यारं आणि वॉलबीची हाडं थरांत पडलेली होती. ही गुहा धरणाच्या पाण्याखाली जाणार होती. डिसेंबर 1982 मध्ये हा सगळा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत गेला आणि त्याच महिन्यात स्ट्रॉनमध्ये तळ ठोकून आंदोलकांनी नदीतच अडथळा उभा केला. रबराच्या लहान होड्या, छोट्या नावा, यंत्रं घेऊन येणाऱ्या बार्जसमोर रांग. पर्यटकांना नदी दाखवणारी एक बोटच आंदोलकांना वर पोहोचवत होती. बाराशेहून अधिक लोकांना अटक झाली. बॉब ब्राउन तुरुंगातून सुटले आणि दुसऱ्याच दिवशी राज्याच्या विधिमंडळात सदस्य झाले. पीटर डोम्ब्रोव्स्किस यांनी टिपलेलं फ्रँकलिनच्या एका वळणावरच्या धुक्याचं छायाचित्र वर्तमानपत्रांत पानभर छापलं गेलं. मार्च 1983 मध्ये केंद्रातलं सरकार बदललं, नव्या सरकारने धरण थांबवणारा कायदा केला, प्रकरण न्यायालयात गेलं. 1 जुलै 1983 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: चार विरुद्ध तीन. एका न्यायमूर्तींचं मत फिरलं असतं तर ही नदी आज वेगळी असती.

जेवण आवरता आवरता सारा बेट येतं. 1822 ते 1833 या अकरा वर्षांत इथे हजाराहून जास्त कैदी राहिले. सुरुवातीची वर्षं भयंकर होती: कमरेइतक्या थंड पाण्यात उभं राहून ओंडके ओढायचे, चूक झाली की फटके. पुढे इथे डेव्हिड हॉय हा कुशल जहाजबांधणी कारागीर आला, आणि बेट बदललं. कैद्यांच्या हातांत कसब आलं, आणि या एवढ्याशा जागेतून शंभराच्या आसपास लहानमोठी जहाजं आणि होड्या पाण्यात उतरल्या. वसाहत बंद झाल्यावर शेवटचं जहाज, ‘फ्रेडरिक’, पुरं करायला काही कैदी मागे ठेवले होते. जानेवारी 1834 मध्ये दहा जणांनी ते जहाजच पळवलं आणि सगळा पॅसिफिक ओलांडून चिलीचा किनारा गाठला. काही वर्षांनी त्यांतले चौघे पकडून होबार्टला आणले गेले. चाचेगिरीला शिक्षा फाशीची होती. त्यांचा मुद्दा असा होता की जहाजाची नोंदच झाली नव्हती, म्हणजे कायद्याने ते अजून जहाजच नव्हतं. आणि घटना हार्बरच्या आत घडली, खुल्या समुद्रावर नव्हे. चौघेही फाशीपासून वाचले. या घटनेवरचं नाटक स्ट्रॉनमध्ये 1994 पासून चालत आलं आहे.

बेटावर आज विटांच्या पडक्या भिंती, शेवाळ आणि पुन्हा वाढलेलं जंगल आहे. जहाजं उतरवायच्या घसरगुंडीचे ओंडके किनाऱ्यालगत पाण्यात पाहायला मिळतात. जवळजवळ दोनशे वर्षं तिथेच आहेत, आणि अजून कुजलेले नाहीत.

बोट धक्क्याला लागते तिथेच एक जुनी लाकडाची गिरणी आहे. करवत सुरू झाली की ह्युऑनचा वास सगळ्या धक्क्यावर पसरतो. गोडसर, थोडा लवंगेकडे झुकणारा. उतरणारे प्रवासी भुशातून एखादं पातळ कुरळं सालपट उचलतात आणि वहीत घालून ठेवतात. तो वास वर्षानुवर्षं टिकतो.