सान्याखालचा गारवा

खणांची, म्हणजे लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावरची घरं बघायचा नाद मला जुना. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपावरचे अभियांत्रिकी अहवाल हाती घेतले तेही त्याच नादापायी.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटेची उजळणी इथं नको. दगडमातीच्या घरांनी माणसं मारली, हा निकाल तेव्हाच लागला. पण अहवालांत एक नोंद भेटते, ती मला सोडत नाही. काही ठिकाणी भिंती ढासळल्या आणि लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मात्र माळवद, म्हणजे मातीचं छत, पेलत उभाच राहिला. भिंत दोन फुटांहून जाड, पण आतला आणि बाहेरचा पदर सांधणारा आरपार दगड नाही. मध्ये नुसती माती-गोट्यांची भर. हादऱ्यानं पदर सुटले. गळतं म्हणून वर माती घालत राहिल्यानं माळवदाचं ओझंही वाढलेलं. म्हणजे गुन्हेगार होते ते न सांधलेली भिंत आणि हे ओझं. खण निर्दोष होता, असं माझं मत.

गारवा याच जाडीतून यायचा. दुपारचं ऊन माती-दगडातून आत झिरपेपर्यंत रात्र पडायची. मग ती धग बाहेर काढायची कोणी? छतातल्या सान्यानं, म्हणजे झरोक्यानं. तापलेली हवा वर निघून जाई, दारातून गार हवा आत येई. तरी ‘जुनं घर हवेशीर’ ही शहरी भाबडी समजूत आहे. चोरांच्या भीतीनं खिडक्या जेमतेम, स्वयंपाकघरात धूर. घर गार होतं, मोकळं नव्हतं. उन्हाळ्यात माणसं निजायची ती अंगणात नाहीतर माळवदावर.

पुनर्वसनात 52 गावं नव्या जागी गेली. मालकीच्या जमिनीच्या मापानं 250, 450 किंवा 750 चौरस फुटांची घरं मिळाली. सुरक्षित, हे कबूलच. पण काँक्रीटचा पातळ स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच धग खाली सोडतो. भूकंपाची धास्ती होतीच. त्यापायी कित्येकांनी शेजारी पत्र्याचा निवारा केला, आणि पत्रा तर त्याहून तापतो!

मग कूलर आला. त्याला पाणी लागतं. एप्रिल 2016मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या लातुरात हा इलाज किती टिकाऊ? रात्रीच्या वाऱ्याला मात्र थेंबभर पाणी लागत नाही.

या वाऱ्याला वाट किती हवी? घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या 2018च्या ‘इको निवास संहिते’त उघडणाऱ्या दार-खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्र घरातल्या जमिनीच्या किमान किती टक्के हवं ते दिलंय: उष्ण-शुष्क हवामानात 10, संमिश्र हवामानात 12.5. पण ती संहिता 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या निवासी इमारतींसाठी. 250 चौरस फुटांच्या घराला तोच 10 टक्क्यांचा हिशेब लावला तर 25 चौरस फूट होतात, दार आणि एखादी खिडकी. फार नाही. फक्त ती समोरासमोरच्या भिंतींत हवीत, हे टक्केवारीत येत नाही. वर स्लॅबलगत झरोके, स्लॅबवर पांढरा चुना. दिवसा झडपा बंद, रात्री उघड्या.

अडतं ते रात्री. डास आणि चोर, दोघांच्या धाकानं खिडकी लावूनच माणसं झोपतात. तेव्हा कूलरच्या आधी खिडकीला जाळी आणि दणकट गज यांवर पैसे घालावेत, असं मी भेटेल त्या गवंड्याला सांगत असतो.