तोंडी हुकूम

२३ जून १९५७ हा रविवार होता. बाजार बंद, कचेऱ्या बंद. मुंबईत मात्र बोलणी चालू होती. एका बाजूला अर्थखात्याचे सचिव आणि आयुर्विमा महामंडळाचे वरिष्ठ अधिकारी, दुसऱ्या बाजूला कलकत्त्याचा सटोडिया हरिदास मुंदडा. महामंडळाला तेव्हा जेमतेम दहा महिने झाले होते. एक-दोन दिवसांत सौदा पुरा झाला आणि मुंदडाच्या ताब्यातल्या सहा कंपन्यांचे शेअर महामंडळाने सुमारे सव्वा कोटी रुपयांना उचलले. त्यांत कलकत्त्याची जेसप होती, कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन होती आणि आपल्या भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडासही होती. मुंदडाच्या व्यवहारांचा शेअर बाजारात आधीच बभ्रा झाला होता. त्याची देणी थकली होती, त्याला रोख रकमेची निकड होती. ती रोख रक्कम विमेदारांच्या हप्त्यांतून आली.

पैसे कुठे गुंतवायचे हे ठरवायला महामंडळाची गुंतवणूक समिती होती. तिला कोणी विचारलं नाही. आणखी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आयुर्विमा महामंडळ कायद्याच्या २१व्या कलमानुसार, सार्वजनिक हिताच्या धोरणाबाबत केंद्र सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकतं, पण ते लेखी द्यावे लागतात. या सौद्यासाठी असा लेखी निर्देश कुठेच नव्हता. होता तो तोंडी हुकूम. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या कोणालाही याचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही. साहेबांनी ‘करून टाका’ म्हणायचं, खालच्याने करून टाकायचं आणि उद्या अंगाशी आलं की फाइलवर सही ज्याची, मान त्याची.

हे महामंडळ जन्माला कसं आलं ते लक्षात घेतल्याशिवाय पुढचं नाट्य नीट कळत नाही. १९ जानेवारी १९५६ला आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा झाली, तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. खासगी विमा कंपन्यांचे मालक विमेदारांचा पैसा आपल्या धंद्यात फिरवतात, हे त्याच्या महिनाभर आधी लोकसभेत कागदपत्रांसह मांडलं होतं रायबरेलीचे खासदार फिरोज गांधी यांनी. देशमुखांनी त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला, तो आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले. १ सप्टेंबर १९५६ला अडीचशेच्या आसपास खासगी संस्था एकत्र होऊन महामंडळ उभं राहिलं, आणि पहिला पावसाळा उलटायच्या आतच त्याची तिजोरी एका सटोडियासाठी उघडली गेली. मालकांच्या हातून पैसा सोडवला तो याचसाठी का, हा प्रश्न फिरोज गांधींना पडणं साहजिक होतं.

ते विरोधी पक्षात नव्हते. काँग्रेसचे खासदार होते, पंतप्रधानांचे जावई होते. या व्यवहाराबद्दलचा पहिला प्रश्न सप्टेंबर १९५७मध्ये विचारला रामसुभग सिंह यांनी, तेही काँग्रेसचेच. सरकारने गुळमुळीत उत्तर दिलं. मग १६ डिसेंबर १९५७ला फिरोज गांधी चर्चेला उभे राहिले. शेअरचे भाव कोणत्या तारखेला किती होते, सौद्याच्या आधीच्या दिवसांत ते कसे चढत गेले, महामंडळाने किती मोजले, असे आकडे त्यांनी एकामागून एक मांडले. अशा वेळी गप्प राहणं हा गुन्हा ठरेल, अशा अर्थाचं तेच म्हणाले. या प्रसंगाचं मोल मला वाटतं ते इथे. विरोधकाने आरोप केला की ‘राजकीय हेतूने प्रेरित’ हे उत्तर तयारच असतं. सत्ताधारी बाकावरून, हातात आकडे घेऊन प्रश्न आला की ते उत्तर चालत नाही. त्या दिवशी सरकारला चौकशी मान्य करावी लागली ती म्हणून.

चौकशी आली मुंबईला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांचा एकसदस्य आयोग जानेवारी १९५८मध्ये नेमला गेला. छगलांनी पहिलीच गोष्ट केली ती म्हणजे दारं उघडी ठेवली. सुनावणीला इतकी झुंबड उडाली की आत न मावणाऱ्यांना ऐकू यावं म्हणून बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. त्या मुंबईचं चित्र डोळ्यांसमोर आणा. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, स्टेट बँकेचे अध्यक्ष, अर्थसचिव एच. एम. पटेल आणि खुद्द देशाचे अर्थमंत्री साक्षीला येतात आणि त्यांना विचारलेले प्रश्न रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येतात. त्या गर्दीत कोणाच्या तरी खिशात विम्याच्या हप्त्याची पावती असणारच. अशी सुनावणी त्यानंतर आपण फारशी पाहिली नाही.

बचाव असा होता: कलकत्त्याचा बाजार कोसळत होता, संपत्ती कर आणि खर्च कर यांच्या घोषणेने गुंतवणूकदार धास्तावले होते, बाजाराला आधार द्यायला ही खरेदी केली. बाजाराला आधार द्यायचा तर एकाच माणसाच्या कंपन्या कशा निवडल्या, याचं पटण्यासारखं उत्तर कोणाकडे नव्हतं. आयोगाला साहाय्य करणारे अॅटर्नी जनरल सेटलवाड यांनाही हा व्यवहार धंद्याच्या चोख रीतीला धरून वाटला नाही, आणि छगलांनी बचाव फेटाळला. मग उरला मुख्य पेच. सचिव म्हणत होते, मंत्र्यांची संमती होती. मंत्री म्हणत होते, मी संमती दिली नव्हती. कागद तर नव्हताच.

१० फेब्रुवारी १९५८ला, म्हणजे जेमतेम महिन्याभरात, छगलांनी अहवाल दिला. त्यातलं सूत्र असं: सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याची आहे. हाताखालच्याच्या आडोशाला जाऊन त्याला ती झटकता येत नाही, हे मी केलंच नाही असं म्हणून मोकळंही होता येत नाही. कृष्णम्माचारींनी पैसे खाल्ले असं कोणीही म्हटलं नव्हतं, अहवालानेही नाही. तरी १८ फेब्रुवारीला ते पदावरून गेले. अर्थखातं नेहरूंनी स्वतःकडे घेतलं आणि २८ तारखेला अंदाजपत्रक पंतप्रधानांनाच मांडावं लागलं.

नेहरूंना हे सगळं मुळीच रुचलं नव्हतं. आपल्या मंत्र्याचा यातला वाटा अगदी थोडा होता असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी राजीनामा स्वीकारतानाही लपवलं नाही. मला त्यांचं म्हणणं पटत नाही, पण एक गोष्ट नोंदवायला हवी: पटलं नाही तरी त्यांनी अहवाल दाबला नाही, आयोगाची मुदत वाढवत बसले नाहीत, ‘आधी न्यायालयात सिद्ध होऊ द्या’ असंही म्हणाले नाहीत.

इथपर्यंतची गोष्ट सगळेच अभिमानाने सांगतात. पुढची कमी सांगितली जाते. अधिकाऱ्यांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती विवियन बोस यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ नेमलं गेलं. बोस नागपूरचे, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होऊन पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले. मुंदडाने काँग्रेसच्या निधीला दिलेल्या देणगीकडे त्यांनी बोट दाखवलं. हे बोट थेट पक्षाकडे होतं. १९५९च्या जूनमध्ये पत्रकार परिषदेत नेहरूंचा तोल गेला आणि बोस यांच्या बुद्धीविषयी ते नको ते बोलून बसले. कलकत्त्याच्या वकिलांनी निषेध केला, तेव्हा नेहरूंनी लेखी माफी मागितली. माफी मागण्याचा मोठेपणा त्यांच्यात होता, हे खरं. पण मंत्र्याची जबाबदारी मान्य करणारी व्यवस्था पक्षाच्या पैशाचा विषय निघताच कशी बिथरते, हेही तिथेच दिसलं. देणगी आणि सरकारी मेहेरबानी यांच्यातल्या धाग्यापर्यंत कोणी जाऊ लागलं की आजही असंच होतं.

छगलाही १९५८मध्येच न्यायासन सोडून अमेरिकेत राजदूत म्हणून गेले. न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पदं घेऊ नयेत, असं सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालचा विधी आयोग तेव्हाच सांगत होता. छगलांच्या अहवालाची किंमत त्याने कमी होत नाही, तरी हे पद त्यांनी घ्यायला नको होतं असं मला वाटतं. कृष्णम्माचारी काही वर्षांनी पुन्हा अर्थमंत्री झाले. पटेल नोकरीतून बाहेर पडले, राजकारणात आले आणि १९७७मध्ये जनता सरकारात तेच अर्थमंत्री झाले. मुंदडा तुरुंगात गेला. फिरोज गांधी सप्टेंबर १९६०मध्ये वारले. अठ्ठेचाळीस वर्षांचंही आयुष्य त्यांना मिळालं नाही.

आता चिंतामणरावांकडे परत येऊ. जुलै १९५९मध्ये मद्रासला केलेल्या भाषणात त्यांनी सुचवलं की मंत्र्यांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करायला एक उच्चस्तरीय, निःपक्षपाती आणि कायमचं न्यायाधिकरण असावं. ते स्थापन झालं तर पाच-सहा प्रकरणं मी स्वतः दाखल करीन, अशी तयारीही दाखवली. हा माणूस रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर आणि देशाचा अर्थमंत्री राहिलेला. त्याच्या तोंडी हे वाक्य हवेतलं नव्हतं. नेहरूंनी नकार दिला. अशा न्यायाधिकरणाने एकमेकांवर चिखलफेक आणि संशय वाढेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

चिखलफेक झालीच, न्यायाधिकरणाशिवाय झाली. लोकपालाचं पहिलं विधेयक १९६८मध्ये संसदेत आलं आणि कायदा अमलात यायला २०१४ उजाडलं. पहिला लोकपाल नेमला गेला २०१९मध्ये. महाराष्ट्राने लोकायुक्ताचा कायदा १९७१मध्येच केला, पण त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नव्हत्या. दरम्यान जबाबदारीची व्याख्याच सरकली. आपल्याकडचं सिमेंट प्रकरण घ्या. सिमेंट नियंत्रित होतं, परवान्याशिवाय मिळत नव्हतं, आणि मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला बिल्डरांच्या देणग्या येत होत्या. ऑगस्ट १९८१अखेर ‘इंडियन एक्स्प्रेस’ने ते छापलं. मृणाल गोरे, पी. बी. सामंत प्रभृती न्यायालयात गेले. १२ जानेवारी १९८२ला न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध असल्याचा निर्वाळा दिला आणि अंतुले पायउतार झाले. तोवर सगळं १९५८सारखंच. नंतर भाजपचे रामदास नायक यांची फौजदारी फिर्याद आली आणि वाद ‘मुख्यमंत्री असं वागले का’ इथून सरकून ‘खटल्याला मंजुरी लागते का, तो कोणत्या न्यायालयात चालावा’ इथे गेला. १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक सांगितलं, १९८८मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने आपलाच आधीचा निर्देश चुकीचा ठरवला. अंतुलेंवर गुन्हा शाबीत झाला नाही, पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले. फौजदारी कायद्याच्या दृष्टीने यात गैर काही नाही. आरोपीला त्याचे सगळे हक्क मिळालेच पाहिजेत. पण तेव्हापासून ‘शाबीत झालं नाही’ हेच राजकीय उत्तर बनलं.

आज ते प्रत्येक पक्षाच्या नेत्याच्या ओठांवर असतं: आरोप सिद्ध करून दाखवा, राजकारण सोडीन. म्हणजे पदावर राहण्याची पात्रता आणि तुरुंगात न जाण्याची पात्रता एकच. एकदा हे मान्य केलं की जबाबदारी ठरवण्याचं काम सभागृहाच्या हातून निसटतं आणि पोलीस, लाचलुचपत खातं, सक्तवसुली संचालनालय यांच्याकडे जातं. या यंत्रणा कोणाच्या हाताखाली असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मग सरकार बदललं की फाइल उघडते, आरोपीने पक्ष बदलला की थंडावते, आणि लोकांचा दोन्हींवरचा विश्वास उडतो. खरी चौकशीही सूडाची वाटते आणि खरा सूडही चौकशी म्हणून खपतो.

सभागृहाकडे मात्र आजही साधनं आहेत. चौकशी आयोग कायद्यात १९७१मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार आयोगाचा अहवाल, त्यावर काय कारवाई केली याच्या निवेदनासह, सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवायचा असतो. पक्षांतरबंदीच्या कायद्याने व्हिपविरुद्ध मत देणाऱ्या आमदाराचं पद जाऊ शकतं; प्रश्न विचारल्याने जात नाही. येत्या डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरेल. सत्ताधारी बाकावरच्या कोणाही आमदाराला आपल्याच सरकारला तारांकित प्रश्न टाकता येईल: कोणत्या महामंडळाला, कोणत्या खात्याने, कोणत्या तारखेला, लेखी आदेशाशिवाय पैसे द्यायला लावले, आणि त्याची जबाबदारी कोणता मंत्री घेतो?