पुरस्काराची रात्र आणि गरीबनगरची सकाळ

22 फेब्रुवारी 2009 च्या रात्री अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे ऑस्कर पुरस्कारांचा सोहळा झाला. तिकडची रात्र म्हणजे आपल्याकडे 23 तारखेची सकाळ. वांद्रे स्टेशनजवळच्या गरीबनगर झोपडपट्टीत त्या सकाळी माणसे टी.व्ही.भोवती गोळा झाली होती. कारण याच वस्तीतली रुबिना अली आणि अझरुद्दीन इस्माईल ही दहाएक वर्षांची दोन मुले त्या सोहळ्याला गेली होती. 'स्लमडॉग मिलियनेअर' या चित्रपटात लहानपणीची लतिका आणि लहानपणीचा सलीम त्यांनी उभा केला होता. चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाले. ए. आर. रेहमान, गुलजार, रसूल पुकुट्टी हे आपल्या देशातले कलावंत मानकरी ठरले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार स्वीकारताना ही मुलेही रंगमंचावर होती. वस्तीत आनंदीआनंद झाला. झोपडीतल्या लेकराला संधी मिळाली तर ते कुठवर जाते, हे जगाने पाहिले. आम्हालाही त्याचा अभिमान वाटला.

पण वाचकहो, पुरस्काराची रात्र एकच असते. दुसऱ्या दिवसापासून घर, शाळा आणि पाण्याचा हिशेब पुन्हा सुरू होतो.

मुले परत आली तेव्हा त्यांच्या स्वागताला गर्दी लोटली. म्हाडाकडून दोघांना घरे देण्याची घोषणाही झाली. परंतु घोषणा म्हणजे चावी नव्हे. 14 मे 2009 रोजी गरीबनगरात पाडकाम झाले आणि अझरचा आडोसा गेला. पुढे काही दिवसांतच रुबिनाच्या घरावरही हातोडा पडला. पाडकामाच्या कागदावर ऑस्करचा रकाना नसतो. जागा अधिकृत आहे की नाही, एवढेच तिथे बघतात. पुढे मार्च 2011 मध्ये गरीबनगरला मोठी आग लागली. त्यात रुबिनाचे घर जळाले आणि जपून ठेवलेले फोटो व बक्षिसेही गेली.

हे काही पहिल्यांदाच घडले नव्हते. मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे' (1988) मधल्या शफीक सय्यद या मुलाला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. तो चित्रपटही ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. पुढे शफीकने बंगलोरला रिक्षा चालवून संसार केला. रिक्षा चालवण्यात कमीपणा मुळीच नाही. कष्टाची भाकर ती. पण ज्याच्या अंगात एवढी कला होती, त्याला पुढची वाट कोणी दाखवायची?

मग या मुलांच्या कामी आले ते काय? दिग्दर्शक डॅनी बॉयल आणि निर्मात्यांनी 'जय हो' नावाचा ट्रस्ट केला होता. शाळेचा खर्च, दरमहा मदत आणि शिक्षण चालू ठेवल्यास अठराव्या वर्षी रक्कम, अशी ती योजना. याच ट्रस्टने 2009 मध्ये अझरच्या कुटुंबासाठी सांताक्रूझला फ्लॅट घेतला. म्हणजे टाळ्या विरल्या तरी लेखी व्यवस्था उभी राहिली.

अंधेरी, गोरेगावच्या स्टुडिओत आजही कष्टकऱ्यांची मुले शूटिंगला जातात. त्या आईबापांनी कायदा माहीत करून घ्यावा. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली आणि 2017 साली नियम आले. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला काम देण्याआधी निर्मात्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग सत्तावीस दिवसांवर काम नाही. शाळा बुडता कामा नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलाच्या मिळकतीतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्याच नावे मुदत ठेवीत टाकायचा असतो. तो त्याला सज्ञान झाल्यावर मिळतो.

म्हणून मातापित्यांना आमचे सांगणे आहे. मुलांना नाटकात, सिनेमात जरूर पाठवा. त्यांची कला दडपू नका. परंतु करार वाचून, समजून सही करा. समजत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला बोलावून वाचून घ्या. ट्रॉफी कपाटावर ठेवालच. मुदत ठेवीची पावती मात्र कपाटाच्या आत, कुलपात ठेवा आणि सकाळी मुलाला वेळेवर शाळेत धाडा.