राखीव जागा कोणाची, मतं कोणाची?

आज थेट इराकला जायचंय, पण परत झरी जामणीच्या पोडावरच यायचंय.

इराकमध्ये कॅल्डियन नावाचा जुना ख्रिस्ती समाज आहे. संख्या कमी, म्हणून संसदेच्या ३२९ पैकी ५ जागा ख्रिस्ती लोकांसाठी राखीव. छान ना? पण गोम अशी, की या जागांसाठी मत कोणीही देऊ शकतं. २०२१ मध्ये ५ पैकी ४ जागा एकाच 'बॅबिलोन' गटाने घेतल्या. कॅल्डियन धर्मगुरूंची तक्रार हीच होती, की उमेदवार आमचा, पण त्याला निवडून आणणारी मतं बाहेरची.

आता आपल्याकडे बघा. विधानसभेच्या २८८ पैकी २५ जागा अनुसूचित जमातींसाठी. आपल्या जिल्ह्यात राळेगाव आणि आर्णी. उमेदवार आदिवासीच लागतो, मतदान मात्र सगळे करतात. त्यामुळे तिकीट देणाऱ्या मोठ्या पक्षाचं वजन वाढतं.

मग स्वतःचा पक्ष काढला तर? १९९१ मध्ये हिरासिंह मरकाम यांनी गोंडवाना गणतंत्र पार्टी काढली. २००३ मध्ये मध्य प्रदेशात ३ आमदार आले. २०२३ मध्ये छत्तीसगडात एकच, पाली-तानाखारमधून. कारण साधं आहे. आपल्याकडे ज्याला सर्वात जास्त मतं, तोच जिंकतो. दहा मतदारसंघांत दहा-दहा टक्के मतं मिळाली, तरी हाती भोपळा!

आणि गोंड तरी संख्येने मोठे. कोलामांचं काय? महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी ही एक, बाकी दोन कातकरी आणि माडिया गोंड. कोलामांची कोलामी भाषा वेगळी, पोडं विखुरलेली. शिवाय झरी जामणी आणि मारेगाव येतात वणी मतदारसंघात, आणि वणी आहे खुला. म्हणजे तिथे राखीव जागेचाही आधार नाही.

मग दार कुठलं उघडं आहे? १९९६ चा पेसा कायदा. अनुसूचित क्षेत्रात वस्ती किंवा पाडासुद्धा स्वतःची ग्रामसभा मागू शकतो. तिथे पोडावरच्या वीस घरांचा आवाज हजारोंच्या गर्दीत बुडत नाही. आमदारकी नाही मिळत, हे खरं. पण गौण वनोपज आणि गावच्या योजना, यांवर बोलायचा हक्क मिळतो.

तर पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "राखीव जागा आहे ना, मग अजून काय हवं?" तर एवढंच विचारा: निवडतं कोण?

भेटू पुढच्या भागात!