रॉटरडॅमच्या दालनातील धडधडते हृदय

धातूतील छुपी चीर हुडकण्यासाठी घडवलेले ध्वनियंत्र उसने आणून इंगे एडलर व हेल्मुट हर्ट्झ या दोघांनी १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे जिवंत हृदयाचा प्रतिध्वनी टिपला, आणि तेव्हापासून हृदयवैद्याच्या वाट्याला एक विलक्षण मानसिक श्रम आला: सपाट छायांवरून, अष्टौप्रहर हलणाऱ्या एका सघन अवयवाची मूर्ती त्याने मनातल्या मनात रचायची. ही मूर्ती कधी कधी चुकते. डाव्या बाजूच्या मिट्रल झडपेचे कडे घोड्याच्या खोगिरासारखे वळलेले असते, हे रॉबर्ट लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रिमिती प्रतिध्वनिचित्रांच्या आधारे १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले, तेव्हा कुठे उमगले की विशिष्ट छेदात निरोगी झडपही मागे ढळल्यासारखी दिसते, आणि कित्येक धडधाकट माणसांच्या माथी नाहक रोगाचा शिक्का बसला होता.

पुढे हृदयाचे संपूर्ण घनफळ टिपणारी यंत्रे आली खरी. पण ते घनफळ पुन्हा सपाट काचेवरच उमटे. ज्या रॉटरडॅम शहरात क्लास बोम यांनी वीस स्फटिकांची रांग लावून धडधडत्या हृदयाचा छेद पडद्यावर आणला होता, तेथीलच इरॅस्मस वैद्यकीय केंद्राने ही उणीव मनावर घेतली आणि ‘आय-स्पेस’ नावाच्या दालनात हृदयाची त्रिमिती प्रतिध्वनिचित्रे कशी पाहता येतात, याची हकिकत २००५ साली प्रसिद्ध केली. तीन भिंती व जमीन यांवर प्रतिमा पडतात, ध्रुवण-काचांचा हलका चष्मा दोन डोळ्यांना दोन निरनिराळी चित्रे देतो, आणि क्षणार्धात माणसाएवढे मोठे हृदय समोर अधांतरी धडधडू लागते. हातातील दांडी फिरवावी, की पुढची भिंत कापली जाते. डोके किंचित वाकवून डाव्या कर्णिकेत डोकवावे, तो झडपेची दोन्ही दले मिटताना दिसतात, आणि कोणते दल कोठे उणे पडते तेही नजरेस येते. मला याचे मोल विशेष वाटते ते शल्यविशारदासाठी, कारण झडप दुरुस्त करताना बहुधा हृदय थांबवलेले व रक्ताने रिते असते. चालत्या हृदयातील तिची वागणूक त्याला आधीच पाहून ठेवावी लागते. आता हेच दर्शन डोक्यावर चढवायच्या उपकरणातूनही घडते, दालनाची गरज उरलेली नाही.

मात्र बरगड्या आणि फुप्फुसातील हवा ध्वनीला अडवतात. जो भाग ध्वनी सोडून प्रतिध्वनी टिपणाऱ्या शोधकाला ऐकूच आला नाही, तेथे या दालनातही पोकळीच दिसते. म्हणून या चित्राचे पहिले श्रेय रोग्याच्या छातीवर शोधक धरून योग्य जागा हुडकणाऱ्या हाताचे आहे.