उन्हाळ्यातली पुट्टी

गाडीच्या पत्र्याला पोचा पडला, की तो आधी ठोकून शक्य तितका सरळ करतात आणि उरलेला खळगा पुट्टीने भरतात. काही कारागीर तिला लांबी म्हणतात. डब्यातला हा लगदा म्हणजे स्टायरीनमध्ये विरघळवलेले पॉलिएस्टर रेझिन आणि त्यात कालवलेली शंखजिऱ्याची पूड. सोबतच्या ट्यूबमधल्या हार्डनरमध्ये बहुधा बेन्झॉइल पेरॉक्साइड असते. दोन्ही एकत्र आले, की रेझिनच्या साखळ्या एकमेकींत जखडतात आणि पुट्टी कडक होते. म्हणजे ती रंगासारखी नुसती वाळत नाही. रासायनिक क्रियेने घट्ट होते. या क्रियेतून उष्णता निघते आणि त्या उष्णतेने क्रिया आणखी जोर धरते.

साधारण 25 अंश सेल्सियसला मिसळलेली पुट्टी चार-पाच मिनिटे लावण्याजोगी राहते. तापमान 10 अंशांनी वाढले, की क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडखाली तेव्हा जेमतेम मिनिटभर हाताशी असते, आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा तर हवेहूनही तापलेला असतो. आवळू लागलेली पुट्टी ओढत राहिली, तर तिच्या गुठळ्या होतात आणि ती पत्र्याला नीट धरत नाही.

यावर हार्डनर कमी घालणे हा पहिला उपाय सुचतो. त्याला मर्यादा आहे. नेहमीचे प्रमाण वजनाने सुमारे 2 टक्के, म्हणजे 100 ग्रॅम पुट्टीला 2 ग्रॅम. उन्हाळ्यात ते थोडे उतरवता येते. पण डब्यावर दिलेल्या किमान प्रमाणाखाली गेले, तर पुट्टी आतून मऊ राहते आणि घासताना पॉलिश पेपरला चिकटते. उलट हार्डनर जास्त झाला, तर उरलेले पेरॉक्साइड पुढे रंगातून डाग होऊन वर येते.

म्हणून खरी बचत थंडाव्यात आणि लहान घाण्यात आहे. गाडी आदल्या रात्रीपासून सावलीत ठेवावी, काम सकाळी उरकावे. डबा आणि ट्यूब गार, कोरड्या जागी ठेवावी. एका वेळी दोन-तीन हातांत संपेल एवढीच पुट्टी घ्यावी आणि ती पाटीवर पातळ पसरून मिसळावी. गोळा करून ठेवली, तर आतली उष्णता कोंडून ती लवकर आवळते. पुठ्ठा रेझिन शोषतो, त्यामुळे पाटी काचेची किंवा प्लास्टिकची बरी. पत्तीने फेटू नये, दाबत दुमडावे. फेटल्याने हवा शिरते आणि घासल्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे उघडी पडतात. रंग सगळीकडे एकसारखा दिसला, की मिश्रण झाले. हार्डनर रंगीत करतात तो यासाठीच.

खोल खळगा एका दमात न भरता दोन-तीन मिलिमीटरचे थर द्यावेत. जाड थर स्वतःच्याच उष्णतेने तापतो, आकसतो आणि तडकू शकतो. उरलेली पुट्टी डब्यात परत टाकू नये, कारण त्यातला हार्डनर डबाभर मालात गाठी धरवतो. पत्ती लगेच थिनरने पुसावी. उन्हाळ्यात स्टायरीनची वाफही अधिक निघते, म्हणून शेडमध्ये हवा खेळती हवी आणि घासताना तोंडावर मास्क हवा.