थडग्यातलं सतरा मिनिटांचं ऊन

हॅलोविनला टर्निप कोरून त्यात दिवा ठेवायचा, २६ डिसेंबरला इवल्याशा रेन पक्ष्याची मिरवणूक काढायची, शेतातल्या एकट्या हॉथॉर्नच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, कारण ते परीलोकाचं! अशा आयर्लंडमध्ये बॉइन नदीकाठच्या न्यूग्रेंज थडग्यात कधीतरी उगवतीचं ऊन शिरतं म्हणे, असं कानावर आलं तर शिकलेला माणूस हसून सोडून देणारच.

तिथं १९६२पासून उत्खनन करणारे मायकेल ओ'केली यांनाही आधी वाटलं, लोक इंग्लंडमधल्या स्टोनहेंजची सूर्योदयाची गोष्ट इथं चिकटवताहेत. ऊन प्रत्यक्ष पाहिलेला माणूस तर एकही सापडेना. पण या गृहस्थांनी दंतकथेशी वाद घातला नाही, दिशा पाहिली. (मला ते आवडतात ते यासाठी.) दार आग्नेयेला, तिथं सूर्य उगवणार तो ऐन हिवाळ्यात. शिवाय दारावर एक चिंचोळा झरोका सापडला होता, गारगोटीच्या दगडानं बंद करता येणारा, आणि तो दगड वारंवार सरकवल्याचे ओरखडेही तिथं होते.

२१ डिसेंबर १९६७च्या पहाटे ओ'केली आत एकटेच जाऊन बसले. सूर्य वर आला आणि झरोक्यातून निघालेली उन्हाची बारीक रेघ एकोणीस मीटरची बोळ ओलांडून गाभाऱ्यात पोचली. पुढं त्यांनी घड्याळ लावून नोंद केली : सूर्योदयानंतर चार मिनिटांनी ऊन येतं, सतरा मिनिटं राहतं. बांधकाम झालं तेव्हा, म्हणजे इसवी सनापूर्वी ३२००च्या सुमारास, ही चार मिनिटंही लागत नसावीत. तेव्हापासून पृथ्वीच्या अक्षाचा कल अर्ध्या अंशाहून थोडा जास्त कमी झालाय. धातूचं एकही हत्यार हाताशी नसलेल्या शेतकऱ्यांचा नेम चुकलेला नाही, आपली पृथ्वीच सरकली!

यावरून ‘लोकांनी पाच हजार वर्षं आठवण जपली’ असं कुणी हौसेनं लिहिलं की मात्र माझ्या कपाळावर आठी चढते. थडग्याचं तोंड सापडलं १६९९ साली, तेही रस्त्यासाठी दगड उचलताना. झरोका तर ओ'केलींच्या उत्खननापर्यंत बुजलेलाच. मग आठवण ठेवायला पाहिलं कुणी?

आता त्या पहाटेच्या जागांसाठी दरवर्षी सोडत निघते आणि हजारो अर्ज येतात. निवडलेले मोजके भाग्यवान अंधारात श्वास रोखून उभे राहतात. बाहेर आयर्लंडचा डिसेंबर असतो, आणि पुष्कळदा आभाळ गच्च भरलेलं.